अकोल्याच्या वाती

बारा वर्षं मी माझ्या बहिणीशी बोलले नाही. सख्खी नव्हे, मावसबहीण. पण आम्ही एका ताटात जेवलो, एका गोधडीत वाढलो, आणि तिच्यावर माझा जेवढा जीव होता तेवढा सख्ख्या भावांवरही नव्हता. म्हणून तर बोलले नाही. परक्या बाईनं दगा दिला तर चार दिवस शिव्या देऊन माणूस मोकळं होतं.

हे माझी नात लिहून घेते आहे. मला अक्षर येत नाही. ती शाळेत शिकली, म्हणून माझं बोलणं स्वच्छ धुऊन कागदावर वाळत घालते. मी म्हटलं, माझ्या बोलण्याचं काय करायचं ते कर बाई, पण बाकीची माणसं जशी बोलली तशीच लिही. त्यांच्या तोंडात पुस्तकी भाषा घातलीस तर पुढचं सांगणार नाही. ती हसली. हसू दे. पुढं तिच्याच आईची गोष्ट आहे, तेव्हा बघू किती हसते ते.

आमचा मळा अमरावतीच्या परकोटाबाहेर होता. एक विहीर, विहिरीखाली झेंडू, शेवंती, मोगरा, आणि बांधाच्या कडेनं वांगी, मिरच्या. सकाळी फुलं तोडून देवीच्या देवळापुढं बसायचं आणि दुपारी मळ्यात परत यायचं. त्या वर्षांत सारा वऱ्हाड कापसानं येडा झाला होता. सातासमुद्रापलीकडं कुठं तरी लढाई जुंपली होती, तिथला कापूस बंद पडला होता आणि विलायतेच्या गिरण्यांना आमचा हवा होता, असं बाजारात सांगत. आम्हाला त्या लढाईचं काय कळतं. आम्हाला एवढंच दिसायचं की लोकांनी ज्वारी मोडली, वांग्याचे वाफे मोडले, एकानं तर घरापुढचं अंगण नांगरलं. गाड्यांच्या रांगा गेल्या की रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांना कापसाचे पुंजके अडकून राहायचे. आम्ही बाया ते वेचून आणायचो, देवाच्या वातींपुरते, कारण घरचा कापूस वातींना काढून द्यायचा तर पुरुषांचा जीव जायला लागला होता.

माझ्या नवऱ्यानं मात्र फुलं मोडली नाहीत. शेजारी येऊन समजावत, हसत. तो म्हणायचा, "लोकं देवीले काय आता बोंडं वाहतीन?" त्याचं तेच एक म्हणणं होतं आणि तो ते कंटाळा न करता सगळ्यांना सांगायचा.

माझ्या आईनं मला एक रीत शिकवली होती. जिवाला काही लागून राहिलं की सकाळी अंघोळ करून एक फूल घ्यायचं, देवीपुढं उभं राहायचं आणि ती काळजी तोंडानं बोलायची. मनात नाही, तोंडानं. मनातल्या मनात बोललं की ती काळजी आपल्याबरोबर घरी परत येते, असं आई म्हणायची. मग ते फूल पायाशी ठेवायचं आणि मागं वळून न बघता चालू लागायचं. दुसऱ्या दिवशी त्या फुलाचं निर्माल्य होतं. निर्माल्य कोणी परत मागत नाही, तशी दिलेली काळजीही मागायची नाही. विहीर आटली तेव्हा मी असं केलं, नवऱ्याला महिनाभर ताप होता तेव्हा केलं. खोटं कशाला सांगू, ओझं उतरायचं. विहिरीला पाणी लगेच यायचं असं नाही, पण मला भाकरी गोड लागायची आणि झोप यायची.

आता पोरीचं सांगते. मला ही एकच मुलगी. पाच वर्षांची होती तेव्हा तिला देवी आल्या. जीव वाचला, तोंडावर चार वण राहिले, आणि डावा कान गेला. अगदी गेला. त्या बाजूला ढोल वाजवला तरी मान हलायची नाही. पण पोरगी हुशार. कोणी आलं की आपोआप अशी बसायची की उजवा कान त्यांच्याकडं यावा. बोलणाऱ्याच्या ओठांकडं बघायची. गावात पुष्कळांना पत्ता नव्हता, आणि आम्ही सांगत नव्हतो. तिच्याशी बोलून बोलून माझा आवाज मात्र चढत गेला. नवरा म्हणायचा, "हळू बोल वं, मी शेजारीच बसून हाये." मी म्हणायचे, मी हळूच बोलते आहे. मला खरंच तसं वाटायचं.

पोरीला अकरावं सरत आलं आणि स्थळाचा घोर लागला. तेव्हा ही बहीण धावून आली. ती अकोल्याला दिलेली. तिच्या नवऱ्याच्या दोन गाड्या होत्या, कापूस वाहायला. त्या अमरावतीला आल्या की ती कधी कधी गाडीत बसून यायची आणि चार दिवस राहून जायची. त्या वर्षी दसऱ्यानंतर आली ती हे स्थळ घेऊनच. अकोल्याचं घर, मुलगा तेरा-चौदा वर्षांचा, बाप कापसात चांगला वर आलेला. "सासू समजदार हाये, बाई," बहीण म्हणाली. मी तिच्याहून वर्षभरानं मोठी, म्हणून ती मला बाई म्हणायची. "तुह्या पोरीले सुखात ठेवीन. म्या शब्द टाकला हाये."

कानाचं मी तिला सांगितलं नव्हतं. का नाही, तर लाज. आणि भीती. ती तोंडाची मोकळी होती, आणि तिलाही मुलगी होती, माझ्या पोरीहून वर्षानं लहान. माझ्या मनात काय काय आलं असेल ते तुम्हीच समजा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघी देवळात गेलो. पोरगी फुलांची टोपली घेऊन पायरीवर बसली. बहिणीनं अकोल्याहून कापूस आणला होता, ती खांबाशी बसून देवीसाठी वाती वळायला लागली. गर्दी नव्हती. मी शेवंतीचं एक पिवळं फूल घेतलं आणि देवीपुढं उभी राहिले. डोळे मिटले आणि बोलले:

"माय, ही पोरगी म्या तुह्या पायावर घातली. हिचा कान त्यायच्या ध्यानात येऊ देऊ नको. अक्षता पडेपर्यंत झाकून ठेव. मंग कळलं तं कळो. एकदा हे माह्या अंगावरून उतरली की मी मोकळी."

फूल ठेवलं, मागं न बघता बाहेर आले. इतकं हलकं मला जन्मात कधी वाटलं नव्हतं. दिवसभर मी गुणगुणत होते. बहिणीनं त्या दिवशी माझे केस विंचरून दिले, लहानपणी द्यायची तसे, आणि काहीच बोलली नाही. मला वाटलं, तिलाही बरं वाटतं आहे.

आज कळतं की मी काळजी सोपवलीच नव्हती. शेतमालकानं सालदाराला काम सांगावं तसं मी देवीला काम सांगितलं होतं, कधीपर्यंत आणि कसं करायचं तेही.

दिवाळी झाली आणि मुलाची आई बघायला आली, माझ्या बहिणीबरोबर. बाई खरोखरच समजदार दिसत होती. पोरगी नीट बसली, उजवा कान तिच्याकडं करून. पाणी दिलं, पानसुपारी झाली. मग बाई म्हणाली, "चाल पोरी, मले तुमची फुलं दाखव." दोघी मळ्यात गेल्या. मी चुलीपाशीच थांबले आणि स्वतःला बजावलं की काळजी देवीला दिली आहे, आता तिच्या कामात हात घालायचा नाही. दोघी हसत परत आल्या. बाईनं पोरीच्या गालावरून हात फिरवला. जाताना बहिणीनंही गाडीपाशी पोरीला जवळ घेऊन काहीतरी कानात सांगितलं. मी मनात म्हटलं, जमलं.

एक आठवडा गेला, दोन गेले. निरोप नाही. तुळशीचंही लग्न होऊन गेलं. मग एक दिवस अकोल्याचा एक गाडीवान मळ्यात पाणी प्यायला थांबला. मी विचारलं, काय खबर. तो पाणी पीत पीत म्हणाला, "तुमच्या बहिणीच्या पोरीचं जमलं नं. लय मोठ्या घरी देऊन राहिले." आणि त्यानं त्याच घराचं नाव सांगितलं.

माझ्या हातातला तांब्या विहिरीच्या काठावर आपटला. त्याला आलेला पोचा अजून आहे.

मी अकोल्याला गेले. नवरा नको म्हणाला, तरी गेले. कापूस टाकून रिकाम्या परतणाऱ्या गाड्यांत जागा मागून, तीन दिवस धक्के खात. सगळ्या वाटेत मी एकच घोकत होते, देवळात ती खांबाशी बसली होती, तिनं ऐकलं. बहीण दारात सूप घेऊन बसली होती. मला बघून उठली. मी उंबरठ्याबाहेरूनच बोलले.

"देवळात तू आयकलं."

"आयकलं," ती म्हणाली. "सारं देऊळ आयकून राहिलं होतं, बाई. तुह्या आवाजाले काही कमी हाये का?"

"आन् जाऊन सांगतलं."

"म्या कोणाले काही नाही सांगतलं."

"मंग कोणं सांगतलं? देवीनं?"

 ती मान खाली घालून सुपातले खडे बोटानं इकडं तिकडं करत राहिली.  मग म्हणाली, "तू देवीले सांगतलं, गुरवानं आयकलं, पायरीवरच्या भिकाऱ्यानं आयकलं. मले काहून नाही सांगतलं? मी कोण लागत होती तुही?"

"बरं झालं नाही सांगतलं. तुह्या पोरीले घर भेटलं."

"त्यायनं इचारलं. आमी हो म्हटलं. आता खोटं काय बोलू?"

मी तिथंच, तिच्या दारात, बोटं मोडून म्हटलं की आजपासून तू मला मेलीस. तिनं पाणी पुढं केलं होतं, तेही घेतलं नाही. शेजारच्या बाया बघत होत्या. बघू दे म्हटलं.

घरी आल्यावर मी देवळापुढं फुलं विकायला बसत राहिले, पण आत गेले नाही. गुरव विचारायचा, मी म्हणायचे पाय दुखतात. खरं म्हणजे माझं देवीशीही वाकडं होतं. पोरीचा कान घेऊन गेली तीच. पदर पसरून तिच्याच पायावर घातलं, तर तिच्याच देवळात ते दुसऱ्याच्या कानी पडलं. मग कोणाला सांगायचं? माझी झोप गेली ती गेलीच. तोंडानं बोलायची रीत मी सोडली आणि सगळं पोटात ठेवायला लागले. पोटात ठेवून ठेवून माझा स्वभाव कसा झाला ते घरच्यांना विचारा.

पोरीचं पुढं दोन वर्षांनी दर्यापूरच्या बाजूला जमलं. शेतकरी घर. नवऱ्यानं यावेळी माझं ऐकलं नाही, पहिल्याच बोलण्यात कानाचं सांगून टाकलं. त्या घरची म्हातारी म्हणाली, "माहे दोन्ही गेले, हिचा एकच गेला." आणि आम्ही पोरगी दिली. ती तिथं नांदली, लेकरं झाली. नंतर ती लढाई मिटली म्हणे आणि कापसाचा भाव पडला. अकोल्याचं ते घर खाली आलं, बहिणीच्या पोरीला दिवस कठीण गेले. लोक मला म्हणायचे, बघ, तुझी वाचली. मला तसलं समाधान नको होतं. बहिणीच्या पोरीचं वाईट झालं म्हणून मला काय पेढे वाटायचे होते?

आणि दर वर्षी दिवाळीआधी अकोल्याहून एक पुडी यायची. आधी गाडीवानाच्या हाती, पुढं बडनेऱ्यापर्यंत आगगाडी आली तेव्हा कोणा येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाती. पुडीत वाती. हातानं वळलेल्या, एकसारख्या, तिच्या हाताच्या. निरोप काही नाही. पहिल्या वर्षी मी चुलीत टाकायला निघाले, पण देवाच्या वाती चुलीत कशा टाकायच्या? म्हणून फडताळात वर एका मडक्यात ठेवल्या. तशा बारा पुड्या झाल्या. एकही पेटवली नाही.

बाराव्या वर्षी दिवाळीला पोरगी माहेरी आली होती, लेकरांना घेऊन. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, आम्ही दोघी शेवंती तोडत होतो, तेव्हा अकोल्याचा माणूस आला. बहीण गेली. आठ दिवस तापानं पडून होती आणि गेली. निरोप सांगून तो माणूस वाट बघत उभा राहिला, कारण अशी खबर ऐकली की डोक्यावरून अंघोळ करायची असते. पोरगी विहिरीकडं वळली. मी वळले नाही.

"मले ते बारा वर्षांआधीच मेली," मी म्हटलं. "तेव्हाच झाली माही अंघोळ." आणि मी फुलं तोडायला लागले.

तो माणूस खाली मान घालून निघून गेला. पोरगी विहिरीवरून परत आली. अंगावर पाणी घेतलं नव्हतं. माझ्यासमोर येऊन उभी राहिली, उजवा कान माझ्याकडं करून.

"मावशीनं नाही सांगतलं, माय," ती म्हणाली. "म्या सांगतलं."

मला आधी समजलंच नाही.

"फुलं पाहाले गेलो तेव्हा. ते बाई माह्या डाव्या अंगानं चालत होती. तिनं काही इचारलं, मले आयकू नाही आलं. हसून मान हलवली असती तं भागलं असतं, तू शिकवलं होतं तसं. पण मले नाही जमलं. म्या म्हटलं, बाई, इकडून या, त्या कानानं मले आयकू येत नाही. माह्या मायले सांगू नका म्या सांगतलं म्हणून."

"आन् मावशी?"

"तिले त्या बाईनं सांगतलं. मावशी मले गाडीपाशी म्हणे, भिऊ नको, तुह्या मायले माह्या तोंडून नाही कळणार. तू मले मारशीन, असं वाटलं असंन तिले."

मी मारलंच असतं. ते आम्हा तिघींनाही माहीत होतं.

"काहून सांगतलं तू?" मी विचारलं. माझा आवाज किती चढला होता कोण जाणे.

 ती म्हणाली, "त्या दिवशी मी पायरीवर होती. तू देवीले म्हणत होती, झाकून ठेव. मले वाटलं, अक्षता पडल्यावर कळंन तेव्हा मी एकटीच असंन तिथं. रोज कोण्या अंगाले बसू, कोण्या अंगाले बसू, हाच इचार. मंग म्या बी एक फूल घेतलं टोपलीतून. म्हटलं, मले झाकून नको नेऊ कुठं." आणि पुढं म्हणाली, "आन् तू म्हणली होती, अंगावरून उतरली की मोकळी. तेही आयकलं म्या."

बारा वर्षं मी लोकांना सांगत होते की मला दगा झाला. देवळापुढं, बाजारात, जो भेटेल त्याला. आणि या पोरीनं ते सगळं ऐकून घेतलं, एकदाही म्हणाली नाही की दगा तर तू मला देत होतीस. बहिणीनंही सुपातले खडे बोटानं फिरवले आणि माझे शिव्याशाप घेतले. तरी एक सांगते, तिनं तो मुलगा आपल्या पोरीसाठी घ्यायला नको होता. मी आजही असंच म्हणते. नात म्हणते, हे लिहायला नको. लिही.

मी विहिरीवर गेले. पोरीनं पाणी शेंदलं आणि मी डोक्यावरून घेतलं, एक, दोन, किती तरी. कार्तिकातलं पाणी, गार. मी रडले नाही असं म्हणणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फडताळातलं मडकं काढलं आणि देवीला गेले. बारा वर्षांनी आत पाय ठेवला. गुरव बघत राहिला, पण शहाणा माणूस, बाजूला झाला. आतापर्यंत मी दिलेली प्रत्येक काळजी अशी होती की तिच्यात मला काही ना काही करता येण्यासारखं होतं, म्हणून मी ती अर्धी हातात धरून ठेवायचे. या वेळी हातात धरायला काही नव्हतं. जिची माफी मागायची ती उरली नव्हती. अकोल्याला जाऊन त्या दारात उभी राहिले असते तरी सूप घेऊन कोण बसलं असतं?

मी वाती पणतीत घातल्या, तेल ओतलं आणि पेटवल्या. इतकी वर्षं पडून होत्या, तरी चांगल्या जळल्या. मग फूल घेतलं आणि आईनं शिकवलं तसं तोंडानं बोलले. "हे माह्यानं उचलत नाही. आता हे तुह्यापाशी." एवढंच. काय कर, कसं कर, काही सांगितलं नाही. पोरगी माझ्या उजव्या बाजूला उभी होती, म्हणजे तिचा डावा कान माझ्याकडं होता. तिला काही ऐकू गेलं नाही.

बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "काय म्हणली, माय?"

मी तिच्या उजव्या बाजूला गेले आणि तिला सांगितलं.